मुंबई–दुबईचे तास आणि तुमचं तिकीट

नमस्कार.

'गणित जमत नसेल तर विमानाच्या भानगडीत पडू नये.' मुंबईहून दुबईला विमानानं जायला जास्त वेळ लागतो नि यायला कमी, या आमच्या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेची सुरुवातच ही. चूक दिसली तर सरळ दाखवा की, आम्ही दुरुस्त करतो. सोलापूरकर रोखठोक बोलतो हे मान्य, पण रोखठोक वेगळं आणि हिणवणं वेगळं.

एक मान्य करतो. लेखातले 1,930 किलोमीटर हे मुंबई–दुबईचं सरळ रेषेतलं अंतर. तिथं 'सुमारे' हवं होतं.

आता तुमचं मुख्य वाक्य: 'जाताना 10 ला निघून 11.50 ला पोचतो, येताना 1 ला निघून 5.20 ला. मग जायला जास्त नि यायला कमी, हे कसं?' अहो, तिकिटावर निघायची वेळ निघतो त्या गावची आणि पोचायची वेळ उतरतो त्या गावची असते. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथले 11.50 म्हणजे आपले 1.20, म्हणजे जायला 3 तास 20 मिनिटं. परतताना तिथला 1 म्हणजे आपले अडीच, 5.20 ला उतरलात, म्हणजे 2 तास 50 मिनिटं. चादरी-टॉवेलच्या व्यापाऱ्यांची तिकिटं मी वर्षानुवर्षं काढतोय, मला हे नव्यानं शिकवू नका.

अर्ध्या तासाचा हा फरक वाऱ्याचा. थंडीत उंचावर पश्चिमेकडून जोराचं वारं असतं. वळणं धरून वाट 2,000 किलोमीटरची समजा आणि विमानाचा हवेतला वेग ताशी 830. समोरून 80 चं वारं आलं की जमिनीवरचा वेग 750 उरतो, 2 तास 40 मिनिटं लागतात. तेच पाठीमागून आलं की 910, मग 2 तास 12 मिनिटांत काम होतं. वर 35-40 मिनिटं धरायचीच, कारण विमान टर्मिनलच्या दरवाजापासून मागे ढकललं की वेळ मोजायला सुरुवात होते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरतात, म्हणून उड्डाणाआधी रांग लागते. शिवाय चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. अंतराला 900 नं भागून 'दोन तास नऊ मिनिटं' काढणाऱ्यांचं इथंच चुकतं. पावसाळ्यात हे पश्चिमेचं वारं उत्तरेला सरकतं, तेव्हा जाण्यायेण्यातला फरक बराच कमी होतो.

बाकी मुद्दे किरकोळ. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं दादर, तिथून विमानतळ, तीन तास आधीची हजेरी, हे धरलं नाही म्हणून 'सोलापूरच्या माणसाची दिशाभूल केली' म्हणता. लेख विमानाच्या वेळेवर होता, घरापासूनच्या प्रवासावर नव्हता. फोटो जुना आहे, असू दे.

'सुमारे' आजच घातलं. तासांचे आकडे आहेत तसेच राहतील.