‘बसून आलात’ म्हणणाऱ्या वाचकाला

‘ट्राइन २’ या कोडी सोडवायच्या व्हिडिओ गेमवरच्या माझ्या लेखाखाली ‘जुना खेळाडू’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सगळी कोडी नवऱ्याने सोडवली, तुम्ही त्याच्या पेटीवर बसून आलात, याला जोडीने खेळणं म्हणत नाहीत. शिवाय जादूगाराने जोडीदाराला पेटीसकट उचलणं ही पळवाट आहे, त्यामुळे निम्म्या कोड्यांना अर्थच उरत नाही. लढाया कंटाळवाण्या आहेत हे तुम्ही लपवलंत. आणि दोघांनी खेळायचं होतं तर चौथा भाग घ्यायचा.

लढायांचं मान्य. तेच ते गॉब्लिन पुन्हा पुन्हा अंगावर येतात. मी त्यांच्यावर एक ओळ खर्च केली, दोन करायला हरकत नव्हती.

आता ‘बसून आलात’कडे येते. मतभेद असायला माझी ना नाही, पण हा काय सूर झाला? मी लेखात ‘पेटीवर उभी राहिले’ असं लिहिलं होतं. उभी. त्याचं ‘बसून’ कुणी केलं? आणि कोडी नवऱ्यानेच सोडवली हे कुठून कळलं तुम्हाला? मी लिहिलं होतं की जादूगार अमाडेयस त्याच्याकडे होता आणि चोर झोया माझ्याकडे. बाकीचं तुमच्या डोक्यातलं.

ती पेटी नेमकी कशी चालते ते सांगते. तो माउसने चौकोन काढतो, पेटी तयार होते, मी तिच्यावर चढते, तो ती उचलतो. पेटी हवेत डुगडुगते. मला कंट्रोलरवरून वरच्या लाकडी तुळईवर नेम धरायचा असतो, कारण झोयाचा दोरीचा हुक लाकडातच अडकतो, दगडावर नाही. तो ‘मार आता’ म्हणतो तेव्हा पेटी नेमकी कललेली असते. मी ‘हलवू नकोस’ म्हणते तेव्हा तो ती आणखी वर नेतो. बटण सुटलं की पेटीही खाली आणि मीही. बरं, अमाडेयसला स्वतः उभा असलेली पेटी उचलता येत नाही. म्हणजे मी पलीकडे पोचले तरी हे महाशय अलीकडेच. मग तिकडचा खटका कोण दाबतं? पेटीवर बसून आलेली बाई!

आणि खेळाशी माझं नातं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. लहानपणी घरात रिमोट भावाच्या हातात असायचा. शेवटचा जीव उरला आणि समोर मोठा राक्षस आला, की ‘घे, तुझी पाळी’. मेलं की खापर माझ्यावर. बाजूला बसून बघणं काय असतं ते मला शिकवू नका, त्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. म्हणूनच तीन पात्रांतलं कोण कुणी घ्यायचं याची आमच्याकडे आधी भांडणं होतात. मोकळा उरलेला योद्धा पॉन्टियस, ढाल लागेल तेव्हा, ज्याला आधी सुचेल तो घेतो. बहुतेक वेळा मीच.

पळवाटेबद्दल एवढंच म्हणेन की खेळ ते करू देतो. २०११मध्ये फ्रोझनबाइट या कंपनीने हा खेळ आणला तेव्हा एका कोड्याला एकच उत्तर हवं, असा हट्ट त्यांनी धरला नव्हता. तुम्ही का धरताय?

खेळाडूंच्या संख्येप्रमाणे चौथ्या भागातली कोडी बदलतात, हे मलाही माहीत आहे. तो २०१९चा आहे, लेख दुसऱ्या भागावर होता. शीर्षकातच लिहिलं होतं, पण शीर्षक वाचायचं तर तिथपर्यंत जावं लागतं.

‘जरा खेळून मग लिहा’ या तुमच्या शेवटच्या वाक्याला उत्तर देत नाही. चौथा भाग आम्ही सुरू केलाय. त्यावर लिहीनच. या वेळी जादूगार माझ्याकडे आहे, आणि त्याचा तुमच्या प्रतिक्रियेशी काहीही संबंध नाही.