मलावीतला तो ऑफिसर आणि आपले सेवादौरे

सकाळपासून एकच जाहिरात तीन ग्रुपवर आली आहे. ‘आफ्रिकेत सेवा करा. दहा दिवस. अनुभवाची अट नाही.’ वर फोटोत तिथल्या लहान मुलांच्या घोळक्यात आपल्याकडची एक मुलगी आणि शेवटच्या ओळीत सफारी. दोघीतिघींनी मला टॅग करून विचारलंय, ‘सिस्टर, तुम्ही जाऊन आलात ना, कसं असतं?’ एकेकीला सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहिते.

मी आफ्रिकेतल्या मलावी देशात गेले होते, मोतीबिंदूच्या शिबिराला. मुंबईहून अदिस अबाबा, तिथून ब्लांटायर आणि पुढे गाडीने एका जिल्हा रुग्णालयात. आमच्यात डॉक्टर होते, माझ्यासारख्या ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, सिस्टर होत्या आणि नुसती ‘मदतीला’ आलेली हौशी मंडळीही होती. तिथे भेटला डोळ्यांचा क्लिनिकल ऑफिसर. हा डॉक्टर नव्हे. मलावीत डॉक्टर फार कमी, म्हणून जिल्ह्याजिल्ह्यात रुग्ण तपासण्याचं काम हे क्लिनिकल ऑफिसरच करतात. डोळ्यांचं वेगळं शिक्षण घेतलेले त्यांच्यातले काही जण मोतीबिंदूही काढतात. हा वर्षभर तेच करत होता. छोट्या छेदाची, बिनटाक्याची, हाताने करायची शस्त्रक्रिया. माझं आयुष्य ओटीत गेलंय, हात कुणाचा कसा आहे ते मला कळतं. त्याचा हात चांगला होता.

आणि आमच्या लोकांनी त्याला काम काय दिलं? दुभाष्याचं! ‘खाली बघा, हलू नका’ एवढं तिथल्या चिचेवा भाषेत सांगायचं आणि बाजूला उभं राहायचं. दुपारी वीज गेली की आम्ही कौतुकाने नेलेलं, मोतीबिंदू फोडून काढणारं विजेवरचं फेको मशीन बंद. मग राहिलेले पेशंट कोण करणार? तोच. बॅटरीवर चालणाऱ्या मायक्रोस्कोपखाली, त्याच्या पद्धतीने, न बोलता. आणि संध्याकाळी सगळ्यांचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा मोबाइल त्याच्याच हातात दिला. फोटोत तो नाहीच. हे लिहिताना आत्ताही माझं डोकं तापतंय.

लोकांना दिसायला लागलं, हे खरं आहे. वाट बघत बसलेले होते, त्यांचं काम झालं. मान्य.

पण मोतीबिंदूची गोष्ट पट्टी काढली की संपत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही ओटी सिस्टरला विचारा. पुढे काही आठवडे थेंब घालायचे असतात. आत जंतुसंसर्ग झालाच तर तो बहुधा पहिल्या काही दिवसांत डोकं वर काढतो आणि तेव्हा तासांचा हिशेब असतो, नाहीतर डोळा जातो. त्या दिवसांत आमची मंडळी कुठे होती? मलावी सरोवराच्या काठावर. इकडे तो ऑफिसर रजिस्टर घेऊन बसला होता. प्रत्येक पेशंटचं नाव, गाव आणि त्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्याचा मोबाइल नंबर. कुणाचा डोळा लाल झाला, कुणाचे थेंब संपले, हे आम्ही गेल्यावर त्यालाच कळणार होतं. आमच्यापैकी कुणी ते रजिस्टर उघडूनही पाहिलं नाही.

‘तिथे काहीच नाही हो, म्हणून जावं लागतं’ असं म्हणणाऱ्यांनी नीट वाचावं. खुपरीने, म्हणजे ट्रॅकोमाने, अंधत्व येतं. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून मलावीने ही खुपरी संपवली, त्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये शिक्कामोर्तब केलं. आफ्रिकेच्या दक्षिण भागात असं करणारा तो पहिला देश. आपल्या भारताला तीच मान्यता 2024 मध्ये मिळाली. दोन वर्षांनंतर! औषधाला बाहेरून मदत होती, पण गावोगाव फिरून गोळ्या देणं, मुलांचे चेहरे धुवायला शिकवणं, आत वळलेल्या पापण्यांची शस्त्रक्रिया करणं, हे तिथल्याच माणसांनी वर्षानुवर्षं केलं. रजिस्टरमध्ये ज्यांचे नंबर होते ना, तीच ही माणसं.

आणि हे आपल्याला समजावून सांगावं लागतं? आपल्याला? 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे जामखेडला गेले आणि गावातल्या अक्षर न वाचता येणाऱ्या बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्याच बाईच्या हाती नवजात बाळाचा जीव सोपवला. आपण त्यांचा अभिमान बाळगतो, मुलांना त्यांच्या गोष्टी सांगतो. मग आफ्रिका म्हटलं की हे सगळं विसरून दहा दिवसांच्या पाहुण्यांवर विश्वास कसा बसतो आपला?

जाणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. मनाने चांगली असतात ती. आमच्यातली एक मुलगी रोज रात्री रडायची. त्या रडण्याला वाट दाखवणारं मोठं माणूस हवं होतं, त्याऐवजी तिला पुढच्या वर्षीच्या दौऱ्याचा फॉर्म मिळाला.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्या ऑफिसरला विचारलं होतं, तुम्हाला खरं काय हवंय? तो क्षणभरही थांबला नाही, यादी तयारच होती त्याची. मायक्रोस्कोपचे बल्ब. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायच्या लेन्सेस, नेहमी लागतात त्या पॉवरच्या. शस्त्रक्रियेत डोळ्यात भरायचं जेल. आणि त्याच्या हाताखालच्या मुलाला शिकायला कुठेतरी जागा. डॉक्टर पाठवा, असं तो म्हणालाच नाही.

यातलं बरंचसं आपल्या देशात तयार होतं. मदुराईच्या ऑरोलॅबच्या लेन्सेस जगभर जातात. तिथल्याच अरविंद नेत्र रुग्णालयात परदेशातली माणसं शिकायला येतात. म्हणून ज्यांनी मला टॅग केलंय त्यांना माझं उत्तर: तुम्ही स्वतः शस्त्रक्रिया करत असाल, शिकवायला महिना-दोन महिने देणार असाल आणि तिथल्या माणसाच्या हाताखाली काम करायची तयारी असेल, तर जरूर जा. नाहीतर ते तिकिटाचे पैसे बल्ब, लेन्सेस आणि एका मुलाच्या प्रशिक्षणाला द्या. आम्ही काही जुन्या सहकारी मिळून असं एक पार्सल जमवतोय, पुढच्या महिन्यात जाईल. यादी मेसेजमध्ये मागा, देते.