'क्रॉस' शिकवायला झेब्रा पट्टे कशाला?

आठवीच्या वर्गात 'क्रॉस' हे क्रियापद आलं की फळ्यावर झेब्रा क्रॉसिंग काढायची प्रथा आहे. दाभोळच्या पोराला रोज दिसते ती खाडी. तिच्यावरच शिकवा की!

'क्रॉस'ला कर्म थेट लागतं. 'वी क्रॉस्ड द क्रीक', बस्स. आपण 'खाडीतून पलीकडे गेलो' म्हणतो, म्हणून मुलं मधे 'फ्रॉम' नाहीतर 'थ्रू' घुसडतात. 'क्रॉस्ड अक्रॉस द क्रीक' तर सर्रास. अक्रॉस हवंच असेल तर क्रियापद बदला: 'वी वेन्ट अक्रॉस द क्रीक'. फ्रॉम येतं ते काठांसाठी: 'द फेरी क्रॉसेस फ्रॉम दाभोळ टू धोपावे'. आणि उच्चार 'क्रॉस्ट' करा, 'क्रॉसेड' नको.

खरी गंमत कर्मात आहे. साकवावरून पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडला तर 'क्रॉस्ड द स्ट्रीम' चालतं, 'क्रॉस्ड द ब्रिज'ही चालतं. फेरीबोटीला ही सवलत नाही. साकव जागेवर असतो, तो तुम्ही ओलांडता. बोट तुमच्याबरोबर निघते. 'वी क्रॉस्ड द फेरी' म्हणजे फार तर बोटीच्या या कडेवरून त्या कडेला गेलात. तिथे 'बाय फेरी'च हवं. ओहोटीला नदी उतार झाली आणि लुंगी खोचून पाण्यातून गेलात, तर 'वेडेड अक्रॉस' किंवा 'फोर्डेड द रिव्हर'. फोर्ड म्हणजे आपला उतारच. ऑक्सफर्डच्या नावात बैलांचा उतार बसलाय.

'विथ' लागतं आंब्याच्या बागेत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना आला, मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर होऊन सिंधू. 'दे क्रॉस्ड नीलम विथ हापूस.' विथ गाळून दोन नावं नुसती ओळीने लिहिली की वाक्य मोडलं. संकर कागदावर मांडताना फुलीच्या आधी आई, नंतर बाप; म्हणजे रत्नाची आई नीलम. हे उदाहरण पाठ्यपुस्तकात का नाही, देव जाणे.

बँकेतला 'क्रॉस' मात्र वेगळा. 'चेक क्रॉस करा' म्हटलं की काही जण खरोखर फुली मारतात आणि चेक वाया घालवतात. वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन समांतर तिरप्या रेघा ओढायच्या, एवढंच. मग काउंटरवर रोख मिळत नाही, पैसे खात्यातच जमा होतात.