बेल्टच्या गाडीला म्हणे काही बघावंच लागत नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. त्याचा सारांश असा: बेल्ट ड्राइव्हच्या (चेनऐवजी बेल्टने मागचं चाक फिरतं अशा) बाइकला मेंटेनन्स शून्य, ताण बघायचा असेल तर अंगठ्याने दाबा, अर्धा इंच हलला की ओके, शंका असेल तर जरा टाइटच ठेवा, आणि चिवचिव आवाज आला तर चेनचा लुब मारा. यातलं अर्धं वाक्य खरं आहे, बाकी बेल्ट लवकर मारायची रेसिपी.

मेंटेनन्स कमी आहे हे मान्य. 1980 च्या हार्ले स्टर्जिसपासून मागच्या चाकाला दातवाला बेल्ट चालतोय, आत अरामिड (केवलारच्या जातीचे) नाहीतर कार्बनचे धागे असतात, त्यामुळे तो चेनसारखा लांबत नाही. पण कमी म्हणजे शून्य नाही ना. नवीन बेल्ट सुरुवातीला थोडा बसतो म्हणून पहिल्या सर्व्हिसला ताण बघायचा असतो, आणि नंतर तो वारंवार ढिला पडायला लागला तर ताण कमी-जास्त करायचा अ‍ॅडजस्टर फिरवत बसू नका, चाकाचा दांडा म्हणजे अ‍ॅक्सल सरकतोय का ते बघा, बेल्टचे दात आणि कडा नीट तपासा.

आता अंगठा. मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, किती जोर लावायचा आणि तेवढ्या जोराला बेल्ट किती हलायला पाहिजे. बऱ्याच गाड्यांना जोर 10 पाउंड, म्हणजे साधारण साडेचार किलो. मी एकदा वजनकाट्यावर अंगठा दाबून बघितला, मनात म्हटलं झाले साडेचार, काटा सातच्या पुढे! त्या अंदाजावर मी दोन वर्षं बेल्ट "चेक" करत होतो, काय बोलणार. स्प्रिंगवाला टेन्शन गेज मिळतो, तो खालच्या पट्ट्याच्या बरोबर मधे खालून वर दाबायचा आणि बेल्ट किती मिलिमीटर उचलला ते बघायचं. गाडी न्यूट्रलमध्ये आणि बेल्ट थंड पाहिजे, लांबून चालवून आल्या आल्या नाही. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा, कारण पुली, म्हणजे बेल्ट ज्यावर फिरतो ते दातेरी चाक, अगदी शंभर टक्के गोल फिरत नाही, आणि जिथे सगळ्यात टाइट लागेल तिथलाच आकडा धरा. अर्धा इंच हा सगळ्या गाड्यांचा आकडा नाहीच, आणि साइड स्टँडवरचा वेगळा, माणूस बसलेला असतानाचा वेगळा, मॅन्युअल ज्या अवस्थेत मोजा म्हणतं त्याच अवस्थेत मोजा.

"जरा टाइटच ठेवा" हे मात्र डोक्यात जातं. पुढची पुली आणि स्विंगआर्मचा पिव्हट (मागचं चाक धरणारा आर्म ज्या बिंदूवर वर-खाली हलतो तो) एका जागी नसतात, त्यामुळे मागचं चाक वर-खाली झालं की पुली ते अ‍ॅक्सल अंतर बदलतं, आणि पुली, पिव्हट, अ‍ॅक्सल तिन्ही एका रेषेत आले की ते सगळ्यात जास्त होतं. म्हणजे स्टँडवर टाइट वाटणारा बेल्ट तुम्ही मागे कुणाला बसवून खड्ड्यात गेलात की तारेसारखा ताणला जातो आणि तो ताण थेट गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर येतो. ढिला ठेवणंही वाईटच, जोरात थ्रॉटल दिला की दात पुलीवरून उडी मारतात, पण टाइट केलं म्हणजे सेफ हा हिशोब कुठून आला?

लुब तर अजिबात नाही. तेलकट बेल्टवर धूळ चिकटते आणि मग तेच पुलीला पॉलिश पेपरसारखं घासतं. आवाज बहुतेक वेळा धुळीचा किंवा बेल्टची कड पुलीच्या बाजूला घासते त्याचा, तेव्हा साबणाच्या पाण्याने धुवा, चाक हाताने फिरवून बेल्ट एकाच बाजूला पळतोय का बघा आणि पळत असेल तर अलाइनमेंट करा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट, जिथे मीच फसलो. दोन्ही बाजूचे अ‍ॅडजस्टर सारखे फिरवले, ताण मोजला, बरोबर आला, खूश होऊन अ‍ॅक्सल नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळला आणि हात धुतले. सहज परत मोजलं तर आकडा हललेला, नट आवळताना अ‍ॅक्सल किंचित सरकला होता. परत ढिला, परत आवळ, तिसऱ्या वेळी जमलं, तोवर अंधार पडला होता.