नायट्रस बसवताय? मग पिस्टनची ऑर्डरही आताच देऊन टाका

अभिनंदन! तुमच्या बाराशे सीसीच्या हॅचबॅकला आता ‘नॉस’ बसणार, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायला नायट्रस ऑक्साइड गॅसचं किट. (नॉस हे एका अमेरिकन ब्रँडचं नाव, गॅसचं नाही. पण आपण प्रत्येक फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, तेव्हा हेही चालवून घेऊ.) परवा आणखी एक गाडी टोचन होऊन दारात आली. तिसऱ्या पिस्टनला रुपयाएवढं भोक, आणि मालकाच्या तोंडी ठरलेलं वाक्य: “किटच डुप्लिकेट निघाला.” पुढच्यांचा वेळ वाचावा म्हणून इंजिन लवकरात लवकर संपवण्याच्या या काही खात्रीच्या सूचना.

सगळ्यात आधी, नायट्रस हे भारीतलं पेट्रोल आहे असं धरून चाला. ते स्वतः जळत नाही, सुमारे ३०० अंशांच्या पुढे त्याचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो, असल्या शाळेतल्या गोष्टींत पडू नका. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन, नायट्रसमध्ये ३६ टक्के. या जास्तीच्या ऑक्सिजनला जोडीचं पेट्रोल मिळालं तर ताकद वाढते, नाही मिळालं तर सिलिंडरच्या आत गॅसकटर पेटतो. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी. म्हणून ‘वेट’ किटमधला (नायट्रससोबत जोडीचं पेट्रोलही सोडणारं किट) नायट्रसचा जेट, म्हणजे माल मोजून सोडणारं छिद्र, बिनधास्त मोठा करा आणि पेट्रोलचा होता तोच ठेवा. पेट्रोलचा दाब पडला की सोलनॉइड (नायट्रसचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बंद करणारा स्विच किटमध्ये येतो. तो सरळ काढून टाका, उगाच ऐन मजेत आडवा येतो. आठ वर्षांचा फ्यूल पंप आणि कधीच न बदललेला फिल्टर यांना मात्र हात लावू नका, ते घरचे जुने माणूस आहेत.

प्लग कंपनीचेच राहू द्या. एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) प्लग घेणं आणि गॅप ०.८ मिलिमीटरवर आणणं हे भित्र्यांचं काम.

दर ५० हॉर्सपॉवरमागे इग्निशन टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) साधारण २ अंश मागे घ्यावं लागतं. आपण कशाला माघार घ्यायची?

नायट्रसच्या नळ्यांच्या फ्लेअर फिटिंगला (धातूवर धातू घट्ट बसणारा जोड) प्लंबरची पांढरी टेप भरपूर गुंडाळा. तिची चिंधी सोलनॉइडच्या सीटवर अडकली की सोलनॉइड बंदच होत नाही, म्हणजे एकदा बटण दाबलं की काम झालं.

बटणाचं म्हणाल तर डॅशबोर्डवर लाल रंगाचं लावा आणि दुसऱ्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमला, अर्ध्या थ्रॉटलवर दाबा. नोझल सेकंदाला ठरलेला माल सोडतं; इंजिन हळू फिरत असेल तर प्रत्येक स्ट्रोकला वाढप दुप्पट-तिप्पट होतं आणि उरलेलं पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये साचतं. मग एक ठिणगी उलटी आली की प्लास्टिकच्या मॅनिफोल्डचे तुकडे बॉनेटखालून गोळा करायचे. यासाठीच विंडो स्विच असतो: ३००० च्या वर चालू, रेडलाइनच्या ३०० आधी बंद, तेही थ्रॉटल पूर्ण उघडा असेल तरच. रेडलाइनला इंजिन रोखणाऱ्या लिमिटरने पेट्रोलचे इंजेक्टर बंद केले आणि नायट्रस चालूच राहिलं तर काय होतं, ते वर सांगितलेल्या भोकावरून ताडा. पण स्विच बॉनेटखाली लपतो, फोटोत येत नाही. फोटोत येतो तो पर्जचा, म्हणजे नळीतला गॅस बाहेर सोडायचा, पांढरा फवारा. तेव्हा पैसे तिकडेच घाला.

आता बाटली. हा विषय मन लावून बिघडवण्यासारखा आहे. किटच्या पुस्तिकेत लिहिलंय की ती डिकीत आडवी, लेबल वर, व्हॉल्व्ह पुढच्या बाजूला अशी बसवा. कारण आतली नळी मागच्या टोकाला तळाशी वाकलेली असते आणि गाडी सुटली की द्रव मागे धावतो. तुम्ही उलटी बसवा, म्हणजे ऐन वेळी नळीत नुसता वायू येईल. किंवा सरळ हॉस्पिटलचा निळा सिलिंडर मिळवा. त्यात सहसा ही नळीच नसते, आणि दुसऱ्याच्या ऑपरेशनचा गॅस पळवल्याचं पुण्यही पदरात पडतं.

त्याच पुस्तिकेत बाटली गरम करायचा हीटरही सुचवलेला असतो, तोही मागवा. नागपुरात. एप्रिलमध्ये. किट बेतलेलं असतं ९०० ते ९५० पीएसआयला, आणि तेवढा दाब बाटली ३० अंशांच्या आसपास आली की आपोआप मिळतो. त्याच्यावर दाब चढला की नायट्रस जास्त ढकललं जातं, पेट्रोल मात्र होतं तेवढंच येतं, मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी. ३६.४ अंशांच्या पुढे तर बाटलीत द्रव उरतच नाही! द्रव आणि वायू हा भेदच संपतो, घनता कोसळते, आणि जेटवर कोरलेला आकडा कशालाच लागू पडत नाही. विदर्भ सोडा, पुण्यातही दुपारी उन्हात उभ्या गाडीची डिकी याच्या कितीतरी पुढे जाते. तिथे हीटर कसला लावता? ओला टॉवेल लावा! बर्फाच्या टबात ठेवा बाटली! दाबाचा गेज बघा आणि मग बटणाकडे हात न्या!

आणि भरणारा कोण, तर कोपऱ्यावरचा गॅसवाला. तो गेजकडे बघून भरतो. आत थोडाही द्रव असेपर्यंत गेज तापमानानुसार तोच आकडा दाखवतो, बाटली पाव भरलेली असो की गळ्यापर्यंत. नायट्रस वजनावर भरतात हो, वजनावर! दहा पौंडी बाटलीत साडेचार किलो, त्याच्या वर एक ग्रॅम नाही. भंगारवाल्याकडे काटा असतो, तुमच्याकडे नसतो. गळ्यापर्यंत भरलेली बाटली उन्हात तापली की द्रवाला फुगायला जागा नसते. मग सेफ्टी डिस्क फुटते आणि सगळा गॅस बंद काचांच्या गाडीत. डिस्कपासून बाहेर जाणारी नळी तुम्ही बसवलेली नसतेच, कारण बॉडीला भोक पाडायला जीव तुटतो. पिस्टनला पडलेलं चालतं.

बरं, पुरे झाली थट्टा. अरे बाबांनो, ज्या इंजिनाच्या पिस्टन रिंगांच्या टोकांमधला गॅप कंपनीने ०.३ मिलिमीटर ठेवलाय, त्यावर १०० हॉर्सपॉवरचा शॉट (नायट्रसने तेवढी जादा ताकद) मारल्यावर रिंग फुगून तिची टोकं भिडणार नाहीत तर काय होणार? ७५ मिलिमीटरच्या बोअरला नायट्रससाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास गॅप लागतो. त्यासाठी इंजिन उघडावं लागतं. ते करायचं नसेल तर ३५–५० च्या शॉटवर थांबा, वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) लावून मिश्रण बघा, आणि गाडी धावपट्टीवर ड्रॅग रेस असेल तिथे न्या. एक्स्प्रेसवेवर नाही. तिथे पुढच्या गाडीत कुणाचीतरी आई बसलेली असते. कायद्यालाही हे मान्य नाही: मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ, मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाल्यावर विमावाल्यासमोर ती बाटली कुठे लपवणार आहात?

आणि ‘किट डुप्लिकेट’ हे पुन्हा ऐकवू नका. प्लग काढा, उजेडात धरा. पांढऱ्या पोर्सेलिनवर ते चंदेरी मोहरीएवढे ठिपके दिसतायत ना, तो तुमचा पिस्टन आहे. पहिली खटखट ऐकल्यावर पाय काढला असता तर तो अजून जागेवर असता. ऐकली होती ना? स्टिरिओ कशाला वाढवला मग?