मांजर पार्किंगमध्ये सोडून गावी जाणाऱ्यांनो

आज सकाळी गाडी काढायला खाली गेले तर कुणाच्यातरी स्कूटरच्या सीटवर अंगाचं मुटकुळं करून बसलेली मांजर, गळ्यात पट्टा. वॉचमनकाका म्हणाले, दुसऱ्या मजल्यावरच्यांची आहे, ते नाताळच्या सुट्टीत गावी गेलेत. बाजूला वाटीत दूध, त्यात मुंग्या. डोकंच फिरलं माझं. घरात पलंगावर झोपणारी मांजर डिसेंबरच्या थंडीत खाली सोडायची आणि वाटीभर दूध ठेवलं की आपण मोकळे? मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचतही नाही, पोट बिघडतं.

वर अशा लोकांचं परत तेच, "मांजर घराला धरून असते, माणसाला नाही." अरे मग ते घर तरी उघडं ठेवा ना तिच्यासाठी!

मागच्या हिवाळ्यात आम्ही आमच्या मांजरीला, चिंगीला घेऊन पुण्याहून वर्ध्याला गेलो, माझ्या माहेरी, कारने. तेव्हा झाडून सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. अंधार असतानाच निघालो, निघायच्या आधी काही तास तिला खायला दिलं नाही कारण भरल्या पोटी गाडीत उलटी होते. शिक्रापूरपर्यंत तिने असा गळा काढला की नवरा म्हणाला परत फिरूया का, आणि नगरच्या अलीकडे पिंजऱ्यातच मुतली. जुने पेपर बदलले, पिंजऱ्यावर माझी सुती साडी टाकली, बाहेरचं दिसेनासं झालं आणि बाईसाहेब गप्प. संभाजीनगरच्या पुढे समृद्धीला लागल्यावर तर झोपूनच गेली. तिथे 120 ची परवानगी आहे पण आम्ही नव्वदच्या वर गेलोच नाही, तिला धक्के नकोत म्हणून.

आणि हो, ते मांडीवर मांजर घेऊन गाडीत रील काढतात ना, ते बघून पण संताप येतो. घाबरलेलं मांजर सरळ ब्रेकखाली शिरतं. चिंगी कितीही केविलवाणी ओरडली तरी चालत्या गाडीत पिंजरा उघडला नाही. थांबलो तेव्हाही आधी सगळ्या काचा वर, दारं लॉक, मगच तिला बाहेर काढून पाणी आणि मातीचा ट्रे.

मान्य, सगळ्यांकडे कार नसते. रेल्वेत सोबत डब्यात न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर लगेज व्हॅन, ते कुणाला परवडणार आणि लगेज व्हॅनमध्ये कोण ठेवणार. म्हाताऱ्या, आजारी मांजरीला एवढा प्रवास नकोच. पण मग शेजाऱ्याकडे किल्ली द्या की! रोज कुणीतरी येऊन खायला घालेल, माती बदलेल, जरा बसेल तिच्यापाशी. लग्नाला जाताना कुंड्यांना पाणी घालायला माणूस सापडतो, मांजरीसाठीच कसा नाही सापडत?

1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, भुकेने-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत जनावर सोडून देणं त्यात गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये. पन्नास रुपये! वडापावाच्या दोन प्लेट. कोण घाबरणार?

वर्ध्याला पोचलो तेव्हा कडाक्याची थंडी, आई दारातच म्हणाली, "कायले आणली व माय तिले एवढ्या लांब?" चिंगी पहिली रात्रभर कपाटाखाली. पण नंतर एका दुपारी बघते तर अंगणातल्या उन्हात बाबांच्या गोधडीवर पसरलेली, आणि आईच तिला हळूच सांगतेय, सरक व जराशी. निघताना आईच म्हणाली, इथंच ठेवून जा. नाही ठेवली अर्थात, परत तोच रस्ता, तोच पिंजरा, शिक्रापूरला तोच आरडाओरडा.

त्या पट्टेवालीला मी वर आणलंय. चिंगी फिस्कारतेय म्हणून वेगळ्या खोलीत ठेवलीय, मालकांना फोन केलाय, ते आल्यावर जे बोलायचं ते तोंडावर बोलेन.

तुमच्यापैकी कुणी सुट्टीत गावी जाणार असेल आणि मांजरीचं काय करायचं हा प्रश्न असेल तर प्लीज मला मेसेज करा. न्यायची असेल तर माझा पिंजरा घेऊन जा, ठेवायची असेल आणि कोथरूडच्या आसपास राहत असाल तर किल्ली माझ्याकडे द्या. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन येईन.