पिळदार फांद्या हा रोग नव्हे

‘कॉर्कस्क्रू विलो आणि वेड्यावाकड्या हेझलच्या फांद्या नर्सरीवाले तारेने पिळतात, नाहीतर तो विषाणूचा रोग असतो, खतपाणी नीट दिलं की झाड बरं होऊन सरळ वाढतं,’ असा मजकूर बागकामाच्या ग्रुपांवर फिरतो आहे. विलो आणि हेझल ही थंड प्रदेशातली झाडं, त्यांच्या या दोन वाणांच्या फांद्या पिळदार असतात. पण मजकुरातलं एकही विधान टिकत नाही.

तारेने फक्त गुंडाळलेली फांदी वळते, पुढची फूट सरळच येते. लकी बांबूचा पीळ असाच हाताने घडवलेला असतो: एकाच बाजूने उजेड देऊन कुंडी फिरवत राहतात. घरी आणल्यावर नवा शेंडा सरळ जातो. विलोचं तसं नाही. हिवाळ्यात पानं गळाल्यावर पेन्सिलीएवढी जाड, २०-२५ सेंमीची काडी कापून अर्ध्याहून जास्त ओल्या मातीत खोचा. डोळ्यातून फुटणारा कोंब कुणाचा हात न लागताच नागमोडी होतो. कोवळ्या कोंबाच्या सगळ्या बाजू सारख्या वेगाने लांबत नाहीत. आज एक बाजू पुढे, नंतर दुसरी. मग लाकूड पक्कं होतं आणि वळण कायमचं राहतं.

विषाणूची शंका येणं स्वाभाविक आहे, मिरचीवरचा चुरडा-मुरडा आपण पाहिलेला असतो. पण हेझलचं कलम नीट पाहा. हे झाड १८६३च्या सुमारास इंग्लंडमध्ये, ग्लॉस्टरशायरमधल्या फ्रॉस्टर इथल्या एका कुंपणात सापडलं आणि कलमांनी जगभर गेलं. कलम बहुधा साध्या, सरळ हेझलच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या झाडावर बांधतात. विषाणू असता, तर तो कलमाच्या जोडातून खुंटात उतरला असता. खुंटाची फूट मात्र वर्षानुवर्षं सरळच येते. शिवाय इथे पीळ एका अप्रभावी जनुकामुळे येतो: सरळ वाणाशी संकर केला की पहिल्या पिढीत तो लपतो, आणि ते जनुक दोन्हीकडून आलं की पुन्हा दिसतो. संसर्ग असा हिशेबाने येत नाही.

‘बरं झालेलं’ झाड म्हणजे हीच खुंटाची फूट. ती जोमदार असते, दुर्लक्ष झालं तर दोन-तीन वर्षांत कलमाला झाकून टाकते. ओळख सोपी आहे: कलमाची पानं चुरगळलेली, फुटव्याची सपाट. फुटवा जमिनीलगत छाटू नका, बुंध्यापाशी उरलेल्या डोळ्यांतून आणखी फुटतात. माती उकरून तो जिथून निघाला तिथूनच ओढून काढा.